अप्पांचा नंबर

३ जून
आज परत मेसेज! 'धुळाप्पाजी, उद्या साडेदहाला तपासणीसाठी यावे.' अप्पांना जाऊन अठरा दिवस झाले. त्यांचा फोन आता आईच्या कमरेला असतो. तिला वाचता येत नाही, पण दवाखान्याचं चिन्ह ओळखते. "ह्यांला बोलवायलेत व्हय?" म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. मी पुण्याहून जळकोटला आल्यापासून हे तिसऱ्यांदा.

आणि ही यंत्रणा उभी करणारी कोण? मीच! सोलापूरकडच्या नऊ दवाखान्यांचं कामकाज कॉम्प्युटरवर कसं जोडायचं, तो सगळा आराखडा माझा. तेव्हा अक्कल कुठं चरायला गेली होती?

६ जून
ऑनलाइन मीटिंगमध्ये मांडलं. माणूस गेल्याची नोंद झाली की त्याच्या नंबरवरचे मेसेज बंद. आराखड्यात रुग्णांची माहिती एका चौकटीत, मेसेज दुसऱ्या चौकटीत, मधे बाण. बाणावर एकच गोष्ट लिहिली — मोबाईल नंबर. सुटसुटीत! माझी वरिष्ठ शाहीन पुण्याहून म्हणाली, "किती माणुसकीनं विचार केलास गं." बरं वाटलं. खूप दिवसांनी पोटभर जेवले.

१९ जून
फोन गप्प. आईही जरा सावरली.

८ जुलै
पुण्यात परत. आईनं फोनवर सहज सांगितलं — शेजारच्या शांताक्कासोबत सोलापूरला जाऊन छातीतली गाठ दाखवून आली. मला आधी सांगायचं नाही का! सुई घालून तपासायला घेतलंय. "काय निघालं तर कळवताव म्हणले."

१ ऑगस्ट
आईला विचारलं, दवाखान्यातून काही आलं? "काय न्हाय आलं." मग काही नाहीच. असतं तर मेसेज आला असता. आमची यंत्रणा माणसासारखी विसरत नाही, असं तिला ऐटीत सांगितलं.

९ डिसेंबर
आईच्या काखेत गाठ. मीच घेऊन गेले. डॉक्टरांनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. "जुलैमध्येच कॅन्सर निघालाय. तीनदा बोलावलं, तुम्ही आला नाहीत." तिन्ही मेसेजपुढं लिहिलं होतं — पाठवला नाही. कारण : मृत्यू.

ते शब्द मीच निवडले होते.

आईनं नंबर कुठला दिला असणार? अप्पांचाच. घरात दुसरा होता कुठं!

आता पसरलंय. "जुलैत आला असता तर..." डॉक्टर म्हणाले. आई बाहेर बाकावर बसून चहा पीत होती.

११ डिसेंबर
शाहीनला सांगितलं. आधी रडली. मग म्हणाली, "एकटीवर घेऊ नकोस. आराखडा सात जणांनी तपासलाय." तपासलाय, खरं आहे. पण त्या सातही जणांच्या घरी माणसागणिक फोन. आमच्या घरी एक. त्यावर शांताक्काच्या लेकीचेसुद्धा फोन यायचे, मी हाक मारायला पळायचे. त्यांना हे माहीत नव्हतं. मला होतं! बारा वर्षं पुण्यात काढली आणि एक नंबर म्हणजे एक माणूस, असं मलाही वाटायला लागलं.

१३ डिसेंबर
आईला सांगून टाकलं. सगळं. ती बराच वेळ शेंगा फोडत राहिली.

"म्या रडायले म्हणून बंद केलंस?"

हो म्हटलं.

"मला इचारायचं व्हतंस की. म्या म्हणले असते, रडू दे मला, पर फोन चालू ठिव."

ओरडली असती तर बरं झालं असतं. मग तिनंच विचारलं, "अन् माझ्यावानी अजून किती हायेत?" मला माहीत नव्हतं.

१५ डिसेंबर
बाण बदलला. आता नंबर घराचा धरायचा आणि बंद करायचं ते एका माणसाचं नाव. चार ओळींचं काम! मग यादी काढली — गेलेल्या माणसाच्या नंबरवर नोंदवलेले, निरोप अडलेले. शेहेचाळीस जण. दवाखाना म्हणाला, पुढच्या आठवड्यात फोन करू. मी म्हटलं, मी उद्याच करते. शाहीननं भांडून परवानगी मिळवली.

१६ डिसेंबर
आत आईला पहिली केमो लावलीय. बाहेर बसून पहिला नंबर लावला. तेरखेड्याच्या हरणाबाई. मुलानं उचलला. आई दिवाळीतच गेली म्हणाला. यादीत हरणाबाईंच्या नावापुढं तसं लिहिलं. तोच म्हणाला, "दवाखान्यातून कुणीतरी इचारलं, लई बरं वाटलं, ताई."