बोल्टांच्या टोप्या

प्रिय मार्नी,

आधी गुन्हा सांगून टाकतो, ख्यालीखुशाली नंतर. डॅडची गाडी नंबर मिळवायच्या टेस्टमध्ये नापास झाली ती माझ्यामुळे. चुकून नाही, मुद्दाम केलं मी. आता तू कपाळावर हात मारला असशील, माहितीय मला. पण पत्र शेवटपर्यंत वाच, मध्येच फाडू नकोस. फोनवरच सांगणार होतो, पण डॅडचं नाव काढलं की तुझ्या ॲबर्डीनला नेमकं वारं सुटतं आणि तुला काही ऐकूच येत नाही.

तर गाडी झाली. तुमची दोघांची गाडी. तू गेलीस तेव्हा गॅरेजमध्ये नुसता पाइपांचा सांगाडा होता आणि घरी जोडायच्या गाडीचा बाकीचा संच खोक्यांत पडून होता. आता मेव्हिस काकूच्या भंगारात निघालेल्या फोर्डचं इंजिन त्यात बसलंय, फायबरचं लांब नाक लागलंय, तू निवडलेला हिरवा रंग पण मारलाय. लांबून बघितलं तर खरीच साठ सालची वाटते. जवळ गेलं की हँडब्रेकवर मेव्हिस काकूच्या कुत्र्याच्या दातांच्या खुणा दिसतात. मी गुपचूप हॉर्न बदलून बदकाचा लावला. डॅडने दाबला, गाडी बदकासारखी ओरडली, त्याने नुसतं "हं" केलं आणि परत कामाला लागला. तू असतीस तर पाना फेकून मारला असतास. हल्ली घरात मला कुणी काही फेकून मारत नाही, मार्नी. खोड्या काढायला मजाच उरली नाही.

शेजारचा विल्फ रोज चहाच्या वेळेला येऊन गॅरेजच्या दारात उभा राहतो. स्वतः दोन गाड्या जोडल्यात म्हणून काय तो रुबाब. परवा डॅड गाडीत बसून पेडल बघत होता. ती सीट तुझ्या पायांच्या मापाने पक्की केलेली, आठवतं ना, तू बसलेली होतीस आणि डॅड खाली आडवा होऊन खुणा करत होता. डॅडचे गुडघे स्टिअरिंगच्या वर येतात. विल्फ म्हणाला, "क्लाइव्ह, गुडघ्यांनी दाढी करतोस की काय? चार बोल्ट खोल आणि सीट मागे घे की गड्या." डॅड म्हणाला, "सीट जिथे आहे तिथेच बरी आहे." विल्फ त्या दिवशी चहाची वेळ संपायच्या आतच घरी गेला.

आता तू म्हणशील, एवढी माया आहे तर गाडी विकायला कशाला काढली. तुला माहीतच नसणार, हो ना. त्याच्या वाढदिवसाला तू फोन केला नाहीस. तो संध्याकाळभर फोन टेबलावर पालथा ठेवून बसला, मग उठून पबमध्ये गाडीवाल्यांच्या बैठकीला गेला. तिथे बक्स्टनचा एक दातांचा डॉक्टर गाडीवर डोळा ठेवून होताच. डॅडने रागाच्या भरात त्याच्याशी हात मिळवून सौदा केला. "गाडीला नंबर मिळाला की गाडी तुझी," म्हणाला त्याला. दुसऱ्या दिवशी उतरली असणार, दारू पण आणि राग पण, पण डॅडचा शब्द म्हणजे तुला माहितीय. तुला "अर्धी गाडी टाकून जातेस तर परत येऊ नकोस" म्हणाला, तो पण शब्दच. आणि तू त्याचीच पोरगी, तो पाळत बसलीस. कधी कधी वाटतं तुमच्या दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीत आणि काय आवाज येतो ते ऐकावं.

मग मी ठरवलं की गाडीला नंबरच मिळू द्यायचा नाही.

टेस्टचं तुला पाठच आहे. तपासणारा माणूस हातात गोळा घेऊन गाडीवर फिरवतो, आणि गोळा जिथे जिथे टेकेल तिथे धार किंवा टोक असलं की नापास. म्हणून सगळे जण टोकदार बोल्टांवर प्लास्टिकच्या टोप्या चढवून नेतात आणि पास झालं की तिथल्या तिथे पार्किंगमध्ये उपटून टाकतात. तपासणारा पण तिकडे बघत नाही. तर डॅड कागद द्यायला आत गेला, तेवढ्यात मी पुढच्या चाकाजवळच्या दोन टोप्या काढून खिशात घातल्या. गोळा बरोबर तिथेच जाऊन अडला. मी असा काही चेहरा केला की मला बक्षीस द्यायला पाहिजे होतं. येताना लीक गावात थांबून डॅडने मला चीज-बेकन घातलेले ओटकेक, आपली ती ओटच्या पिठाची धिरडी, खायला घातले, स्वतः एक घासही खाल्ला नाही. मला वाटलं, बिचारा, किती लागलंय त्याच्या मनाला. मला तो ओटकेक गिळवेना. आणि मला ओटकेक गिळवत नाही म्हणजे तूच समज.

म्हणून दुसऱ्या वेळेला मी शहाण्यासारखं वागलो. सकाळी लवकर उठून एकूण एक टोपी चढवली, वर दाबून दाबून बघितली. म्हटलं, जाऊ दे विकली तर, त्याचं तोंड तरी सरळ होईल. तिथे पोचल्यावर डॅडने मला चहा आणायला पिटाळलं. मी कप घेऊन खिडकीपाशी आलो तर बाहेर डॅड पुढच्या चाकाजवळ वाकलेला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, दोन टोप्या उपटल्या आणि कोटाच्या खिशात टाकल्या. त्याच दोन, मार्नी. मग तो माणूस गोळा घेऊन आला, गोळा अडला, आणि डॅडने तोंड केवढं तरी पाडलं, अगदी माझ्यासारखं. घरापर्यंत गाणं गुणगुणत आला. मी तुला काय सांगू, मला हसू पण आलं आणि रडू पण. मी सगळा वेळ खिडकीतून बाहेर मेंढ्या बघत बसलो.

पहिल्या वेळी माझं त्याने बघितलं होतं का, ते मला माहीत नाही. विचारायची माझी हिंमत नाही.

पण आता गंमत संपली. दातांच्या डॉक्टरला शंका आली आहे. येत्या मंगळवारी तो स्वतःचा मेकॅनिक बरोबर पाठवतोय. तो माणूस गाडीजवळून हलायचा नाही, टोप्या तोच चढवणार. गाडी पास होणार आणि तिथूनच बक्स्टनला जाणार. डॅड दिवसभर गॅरेजमध्ये बसतो, काम काही नसतं, नुसता फडक्याने नाक पुसतो. गाडीचं म्हणतोय मी. त्याचं पण पुसत असेल.

म्हणून लिहितोय. त्या गाडीत तुझा पहिल्या वर्षाचा सगळा पगार गेलाय, अर्धी गाडी तुझी आहे आणि तू नाही म्हणालीस तर ती विकता येत नाही. डॅडला शब्द मोडता येत नाही, पण तुला तर नाही म्हणता येतं ना. सोमवारपर्यंत ये. दारात उभी राहून भांड, ओरड, माझी गाडी कुणाला विचारून विकतोस म्हण. तो पण ओरडेल. ओरडू दे. घर किती दिवस झाले इतकं गप्प आहे की मला माझ्या खोलीत त्याचा चमचा कपात फिरतो तो ऐकू येतो.

फक्त मी कळवलं हे त्याला सांगू नकोस. टोप्यांचं तर मुळीच नको, त्याच्याही आणि माझ्याही. विल्फला नको, मेव्हिस काकूला तर स्वप्नात सुद्धा नको, नाहीतर रविवारी चर्चबाहेर सगळ्या गावाला कळेल. अचानक कशी आलीस विचारलं तर म्हण, ओटकेक खावेसे वाटले. काहीही म्हण, तो विश्वास ठेवेल, कारण त्याला ठेवायचाच आहे. पण कुणाला सांगू नकोस, मार्नी. तुझ्या पाया पडतो. कुणाला म्हणजे कुणालाच नको.

तुझाच, अजून तसाच वाह्यात,
रोवन