सायमाच्या पिल्लाचं वजन

२१ जानेवारी
पोचले एकदाची. सायमा सरोवर या काठापासून त्या काठापर्यंत गोठलंय आणि ऊन असं पडलंय की डोळे किलकिले करूनच चालावं लागतं. केंद्र म्हणजे दोन खोल्यांचं लाकडी घर, मागे शेड, शेडमध्ये फ्रीझर आणि वजनकाटा. इथल्या सील प्राण्यांची वाढ आणि अंगावरची चरबी मोजायची, हे माझं वर्षभराचं काम. जेमतेम पाचशे उरलेत, तेही याच पाण्यात. किल्ली द्यायला ताउनो आले होते, सत्तरी उलटलेले मासेमार. माझे बूट पाहून म्हणाले, पोरी, हे लग्नात घालायचे की बर्फावर? मग स्वतःचे जुने आणून दिले. मला इथे फार आवडणार आहे.

२ फेब्रुवारी
आज ढीग रचले. हल्ली पुरेसा बर्फ पडत नाही, म्हणून गावकरी काठालगत फावड्यांनी बर्फाचे लांबलचक ढीग करतात. मादी पाण्यातून वर येऊन त्यात घर कोरते आणि तिथेच पिल्लू घालते. माझे हात गळून गेले. ताउनो म्हणाले, शहरात फावडं फक्त चित्रात बघता वाटतं. पण माझा ढीग सरळ आलाय हे त्यांनीही कबूल केलं. एप्रिल अर्धा होईपर्यंत ढिगाकडे कुणी फिरकायचं नाही, हे मात्र त्यांनी दोनदा बजावलं. आई बिथरली तर परत येईलच असं नाही.

१४ मार्च
माझ्या ढिगात पिल्लू असेल का, राहवेना. स्कीवरून गेले. फक्त ऐकायला. बर्फाला कान लावला तर आत खरंच बारीक रडणं होतं. मग पाण्यात काहीतरी धपकन पडलं. आई गेली असावी. येईल परत. ताउनोंना सांगितलं नाही.

१९ एप्रिल
आज घरं मोजायला गेलो. माझ्या ढिगात पिल्लू मरून पडलं होतं. वजन ४.४ किलो, जन्मतानाच पाच असतं. छातीवर छोटी चीर देऊन चरबी मोजली, जेमतेम तीन मिलिमीटर. ताउनोंनी टोपी काढली. म्हणाले, आई आलीच नाही बिचाऱ्याची, का कोण जाणे. का ते मला माहीत होतं. वहीत 'उपासमार' लिहिलं आणि शेडमागे जाऊन खूप रडले. मीच मारलं त्याला. तपासणीसाठी राजधानीत पाठवायचंय, तोवर फ्रीझरमध्ये ठेवलंय.

२३ एप्रिल
पुन्हा वजन केलं. ५.८. काटा बिघडला असेल म्हणून दहा किलोचं वजन ठेवून पाहिलं. बरोबर दहा दाखवतो.

२७ एप्रिल
८.१. मी दिलेली चीर भरून आलीय. ताउनो म्हणाले, पोरी, जेवतेस की नुसती कॉफीच ढोसतेस, पँट अंगावर राहत नाही तुझ्या. स्वतःचं वजन केलं. चार किलोंनी उतरलंय. दूध पाजणारी मादी आपल्याच अंगातली चरबी पिल्लाला देते, हे मीच अहवालात लिहिलं होतं. शेडला कुलूप लावलं.

१ मे
१०.९. फ्रीझरमध्ये सगळं दगडासारखं गोठलंय, पिल्लू तेवढं ऊबदार. न्यायला गाडी आली होती. खोटं बोलून परत पाठवली. पळून जावंसं वाटतं. पण शेडमधून बारीक रडणं येतं – तसंच, मार्चसारखं –

४ मे
१३.२. चालताना भिंत धरावी लागते. ताउनोंना सगळं सांगितलं, कान लावायला गेले होते तेही. मग म्हणाले, आमच्याही जाळ्यात मेलीत गं पिल्लं, म्हणून आपला जीव द्यायचा का? उद्या येऊन स्वतः पुरतो म्हणाले. रागावले नाहीत. रागावले असते तर –

५ मे
पंधरा किलोंचं झालं की पिल्लू दूध पिणं सोडतं. थोडंच राहिलंय – पेन धरवत नाही – मांडीवर आहे. ताउनो दार वाजवतायत. म्हणतायत, पोरी, ते खाली ठेव, दार उघड. खूप भीती वाटतेय मला. पण दार उघडायला उठावं लागेल. उठले की ते रडेल. त्याची आई उठून गेली ती माझ्यामुळे – आता मी –