देवीच्या अंगावरची हिरवी साडी

अण्णा,

पेटीतली हिरवी साडी शोधू नकोस. सकाळी ती मी देवीला वाहिली. तू हँडबिलं छापून पेठभर वाटलीस, पण साड्या नेसणाऱ्या बायकांना वाचता कुठं येतंय? आज जत्रेला अख्खं वडगाव रांगेत हाय. देवीच्या अंगावरचा काठ बघून जी ती पुजाऱ्याला इचारतीया, कुणी विणली? म्हणून उरलेल्या सहा साड्या न्यायला पळत घरी आलते.

सासर सोडून आलेली बहीण लोकांना दिसू नये, म्हणून मला मागच्या खोलीत मागावर बसवलंस. आज पुजारी सगळ्यांना माझंच नाव सांगतोय.

भाकरी झाकून ठेवलीया. जेवून देवळात ये. साड्या उलगडून दाखवायला मी हाय, घड्या घालायला माणूस पायजे.

नागू