गस्तीवर बोलू नये

४ जानेवारी, रविवार
खेळाचं काम आजपासून रीतसर सुरू. विषय: लढाईतली रात्रीची गस्त. सहा जवान, काळोख, पलीकडे शत्रूची चौकी. तिथवर जायचं, बघायचं, न सापडता परत यायचं. टेबलावर मांडायचा, फासे टाकून खेळायचा. असा खेळ कुणी केलेला नाही. केला असेल तर मी बघणार नाही, उगाच प्रभाव पडतो.

खरं कारण इथे लिहून ठेवतो. बाबा लढाईत होते, गस्तीवर जायचे. आम्हाला एवढंच माहीत. आईने एकदा विषय काढला तर ते ताटावरून उठून बाहेर गेले. आता ऐंशी उलटली. सरळ विचारलं की म्हणतात, दूध आलं का? पण समोर गस्तच मांडली तर आपोआप बोलतील. जानेवारीत खेळ पूर्ण, फेब्रुवारीत बाबा बोलते.

१० जानेवारी
नकाशा झाला. इतकी वर्षं ऑफिसात नकाशे काढतोय, ते कुठेतरी कामी यायला हवंच होतं. चढ, बांध, काटेरी तार, मधून ओढा. जेवणाच्या टेबलावर तंतोतंत बसला. ही म्हणाली, आणि जेवायचं कुठे? म्हटलं, तात्पुरतं आहे. म्हणाली, तुमचं तात्पुरतं मला ठाऊक आहे, गॅलरीतली मोडकी सायकलही तात्पुरतीच आहे.
बाबा हल्ली खाटेवर ताट मांडीवर घेऊन जेवतात. तक्रार नाही. सैनिक माणूस.

१७ जानेवारी, दुपार
नियम क्रमांक एक सुचला आणि अंगावर काटा आला. खेळताना बोलायचं नाही. खोकला, शिंक, खुर्चीचा आवाज, सगळं धरून. आवाज झाला की शत्रू एक घर पुढे. गस्तीचा प्राण म्हणजे शांतता. बाकीचे सगळे नियम याच्यावरच उभे करणार.
बाबांना वाचून दाखवला. ते बराच वेळ नकाशाकडे बघत होते. मग म्हणाले, बोलायचंच नाही? म्हटलं, अजिबात नाही. म्हणाले, बरं.
प्रभावित झालेले दिसले.

२५ जानेवारी, रविवार
पहिली चाचणी. खेळायला ऑफिसातला भोंगा. (फोनवर बोलायला लागला की वाटतं, याला फोन कशाला हवा.) भर दुपारी पडदे ओढले, टॉर्च लावला. भोंग्याने दारातूनच विचारलं, कोणी आजारी आहे का घरात? शत्रू एक घर पुढे. बसल्यावर म्हणाला, वहिनी, चहा फक्कड झालाय. आणखी एक घर. ओढा गाठायच्या आत त्याची तुकडी गारद. जाताना म्हणाला, हा खेळ नाही रे, हे वाचनालय आहे.
चाचणी यशस्वी. खेळ लेचापेचा नाही हे सिद्ध झालं.

८ फेब्रुवारी
जानेवारीत खेळ पूर्ण झाला नाही, कारण धुक्याचा तक्ता (कुठल्या फाशाला किती धुकं). घाई केली की दर्जा जातो.
ताईचा फोन. बाबांना मार्चमध्ये तिच्याकडे नेणार म्हणते. तिचं घर तळमजल्यावर, इथले जिने त्यांना झेपत नाहीत. म्हटलं, मोहीम अर्धवट टाकून ते कसे येतील? म्हणाली, कसली मोहीम? ताईला पहिल्यापासून कल्पनाशक्ती कमी.

२२ फेब्रुवारी, रविवार
आज बाबा खेळले.
पडदे, टॉर्च, सगळी तयारी. त्या उजेडात त्यांना सोंगट्या नीट दिसत नव्हत्या, चाचपून सरकवत होते. वातावरण हुबेहूब. ओढ्याशी आल्यावर त्यांचा हात थांबला. शेवटच्या सोंगटीवर बोट ठेवून म्हणाले, हा माझ्या मागे होता.
मी ओठांवर बोट ठेवलं आणि शत्रू एक घर पुढे सरकवला.
नियम म्हणजे नियम. वडील म्हणून सूट दिली तर खेळाला अर्थ काय राहिला? ते माझ्याकडे बघत राहिले. मग डाव संपेपर्यंत एक शब्द नाही. काय शिस्त! सगळी गस्त सुखरूप परत.
ही दारातून बघत होती. नंतर म्हणाली, अहो, ते काहीतरी सांगत होते. म्हटलं, डाव संपल्यावर विचारलं ना मी. खरंच विचारलं होतं. म्हणाले, काही नाही रे, खेळ चांगला झालाय.
चांगला झालाय, हे त्यांचे शब्द. पेटीच्या झाकणावर छापता येतील.

७ मार्च
ताई बाबांना घेऊन गेली. प्रत्येक वळणावर थांबत जिना उतरले. गाडीत बसताना म्हणाले, ये रे. मी म्हटलं, पुढच्याच रविवारी, खेळ घेऊन. तिथे, निवांतपणी बोलतीलच.

२९ मार्च
गेलो नाही. नकाशाची घडी होत नाही. नेता येईल असा दुसरा काढायला घेतलाय.

१२ एप्रिल
ताईचा फोन. बाबा विचारतात, येतोय का तो? म्हटलं, सांग, पुढच्या रविवारी नक्की. फक्त ओढ्याचा रंग वाळायचाय.

१६ एप्रिल
बाबा गेले. पहाटे, झोपेत.

३ मे
ताईकडे गेलो होतो. चहा पिताना म्हटलं, लढाईबद्दल शेवटपर्यंत बोलले नाहीत. ताई म्हणाली, बोलले की. दुपारी मी कपड्यांच्या घड्या घालत बसायचे, तेव्हा सांगायचे.

गस्तीवर पुढचा माणूस दिसायचा नाही इतका काळोख असे. म्हणून सगळे जवान बोलत. हळू, पण सारखं. आज काय जेवलो, घरून पत्र आलं का, काहीही. मागून आवाज येतोय म्हणजे तो आहे. एका रात्री वरून हुकूम आला, आज कुणी बोलायचं नाही. ओढा ओलांडल्यावर बाबांनी हात मागे केला. मागे कुणी नव्हतं. कधी, कुठे राहिला, शेवटपर्यंत कळलं नाही.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं? ताई म्हणाली, मीही तेच विचारलं. म्हणाले, त्याचा पहिलाच नियम चुकलाय. पण सांगू नकोस त्याला. एवढा राबलाय पोरगा, परत सगळं करत बसेल.

घरी येऊन नियम एक खोडला. बाकीचे त्याच्यावरच उभे होते, मग तेही खोडले.
नकाशा तेवढा ठेवलाय. ताई म्हणाली, ओढा बरोबर काढलाय असं म्हणत होते.