कोमट म्हणालास ते तेल

दादा, तुझा वैद्य डोळे मिटून उपचार करतो. महिनाभर तुझ्या कमरेवर पिठाचं आळं करून त्यात तेल भरतोय आणि म्हणतो, मणक्याची सरकलेली चकती सुधारतेय. आज तो आला नाही, म्हणून तेल मी ओतलं. एक थेंब माझ्या मनगटावर उडाला, तिथे टरारून फोड आलाय. तुझ्या कमरेवर वाटीभर होतं, आणि तू म्हणालास, "कोमटच आहे गं, घाबरट!" आत्ता बघितलं, तुझी कातडी सोललीय आणि तू खुशाल घोरतोयस.

ही चिठ्ठी उशाशी ठेवून मी हाडांच्या डॉक्टरांना आणायला जातेय. पालथाच राहा, लाद्या बसवायच्या कामावर जायचं नाव काढू नकोस. वैद्यालाही रोज कोमटच सांगायचास ना? आल्यावर मला खरं उत्तर हवंय: तुझ्या कमरेला कधीपासून काही कळत नाही?