पुसलेली लॉग फाईल

११ नोव्हेंबर, साकोली
आमच्या धान खरेदी संस्थेच्या सर्व्हरची डिस्क भरत आली. धानविक्रीच्या नोंदणीची मुदत १४ला संपते, तोवर वेबसाईट चालायलाच हवी. सगळी जागा लॉगने खाल्ली. कोण आलं, काय भरलं, सगळं त्यात उतरतं हे ठीक, पण एवढं?

१२ नोव्हें.
कारण घरीच सापडलं, सानगडीला. सासऱ्यांचा फोन चार्जरला आणि नोंदणीचं पान उघडंच.
"बंद करा ना मामाजी."
"कायले करू, सुनबाई? नंबर जाईन ना! धान मोजाच्या काट्यावर आपण लायनीत चप्पल ठेवून घरी येतो का नाही, तसंच हे."
आपला नंबर आला का ते कळावं म्हणून पान आपोआप पुन्हापुन्हा उघडतं. गावोगावचे फोन असेच ठेवलेले, दर खेपेला लॉगात एक ओळ. आधी हसले. मग भीतीच वाटली.

१३ नोव्हें., दु.
लॉग पुसला. तिळभर जागा सुटली नाही! नागपूरला राहुलदादाला फोन, साईट त्यानेच बनवलेली. "पुसली तरी सर्व्हरनं फाईल पकडून ठेवली असते. रीस्टार्ट मार, सुटते."
बोट बटणावर, तेवढ्यात मामाजींचा फोन. "पान नोंदणी झाली म्हणते, अन् यादीत नाव नाही दिसून राहिलं."
पाहिलं. काल दुपारनंतरचं एकही नाव नाही. जागा कमी पडताच नावं साठवणाऱ्या डेटाबेसने लिहिणं थांबवलं; लॉग उरल्या जागेत लिहीत राहिला आणि पान प्रत्येकाला 'नोंदणी झाली' सांगत राहिलं. माणसं निवांत घरी गेली. त्यांचे मोबाईल नंबर आता फक्त त्या पुसलेल्या लॉगात, आणि रीस्टार्ट केलं की तोही कायमचा जाणार. मी रीस्टार्ट करणारच होते.

१३, संध्या.
दादा फोनवर सांगतोय तशी चालू सर्व्हरमधून फाईल बाहेरच्या डिस्कवर काढतेय. फार हळू. तोवर नवी नोंदणी बंद ठेवली, साईट ठप्प. संस्थेचे अध्यक्ष दारात, मागे लोक.
"बंद करून चालू कर ना बाई, टीव्हीले करतो तसं! लोक बोंबलून राहिले."
समजावलं. अर्धंमुर्धं कळलं असेल. "उद्या शेवटचा दिवस हाय, याद ठेव."
जणू मी विसरलेय. स्विचबोर्डाला पाठ लावून खुर्ची टाकली आहे. फाईल निघेपर्यंत हे लिहितेय.

लाईट गेली. यूपीएस ओरडतोय, बॅटरी जुनी. कोणी हात लावू नका म्हणताना आवाज फाटला माझा. पडद्यावरची पट्टी अर्ध्याच्या जरा पुढे. सरक ग बाई, सरक.
खिडकीतून एक म्हातारी विचारतेय, "माही त झाली ना वं नोंदणी? कालच केली."
"नंबर सांगा आजी, लिहून घेते," म्हटलं. तिचा नंबर इथेच, याच पानावर उतरवला; पट्टी अजून सरकतेय.