चार नंबरचं रीळ

३ फेब्रुवारी
बाबांना जाऊन दीड महिना झाला. रडून झालेलं नाही, ते नंतर बघू. आज त्यांचं कपाट आवरलं. वरच्या खणात फिल्मची पाच रिळं. युद्धात बाबा फौजेचा ट्रक चालवायचे आणि जमेल तेव्हा छोट्या कॅमेऱ्यानं शूटिंग करायचे. प्रत्येक रिळावर त्यांच्या अक्षरात चिठ्ठी. एक, पूल. दोन, छावणी. तीन, बर्फ. चार, दादा. पाचवर काहीच नाही.
दादा म्हणजे माझे काका. त्या युद्धातून ते परत आले नाहीत.
निश्चय : महिनाभरात सगळं कॉम्प्युटरवर. स्वतःच्या हातानं.

४ फेब्रुवारी
काकूला फोन केला. चार नंबरच्या रिळाचं सांगितलं. मग म्हणाली, "त्यांचा फोटो आहे रे माझ्याकडे. पण फोटो चालत नाही. ते कसे चालायचे तेच विसरले मी."
तिला काचबिंदू आहे. एक डोळा गेला. दुसऱ्याला डॉक्टर दोन-तीन महिने देतात. म्हटलं, काकू, तू फक्त येऊन खुर्चीत बस, बाकी माझ्यावर सोड.

६ फेब्रुवारी
चौकशी म्हणून, फिल्म कॉम्प्युटरवर उतरवून देणाऱ्या एका लॅबवाल्याला फोन. बारा दिवस लागतील म्हणाला. त्यानं विचारलं, आंबट वास येतो का? म्हटलं, चार नंबरला, किंचित. त्यावर भराभर बोलायला लागला. ते रीळ वेगळं काढा, बंद डब्यात ठेवू नका, गार आणि हवेशीर जागा बघा, उद्याच घेऊन या.
गिऱ्हाईक घाबरवायची ही जुनी रीत. मी बिस्किटांच्या फॅक्टरीत एकतीस वर्षं पॅकिंग सांभाळलं. हवा लागली की माल गेला, हे मला कोणी शिकवू नये.
पाचही रिळं पत्र्याच्या मोठ्या डब्यात. झाकणाला टेपचे तीन पदर. बाबांचं घड्याळही आतच ठेवलं. एका ठिकाणी राहील.
नियम : फिल्म उतरवायचं माझं यंत्र तयार होईपर्यंत डबा उघडायचा नाही.

१५ फेब्रुवारी
यंत्राचा आराखडा पूर्ण. हिच्या शिलाई मशीनचं चाक, जुना वेबकॅम, टेबललॅम्प. रोज दोन रिळं धरली तर अडीच दिवसांत काम फत्ते.
ही म्हणाली, "आणि पडदे काय तुम्ही दातांनी शिवणार?"
थोर कामात घरचा विरोध असतोच.

२७ फेब्रुवारी
घरात व्हिनेगरचा वास. हिला म्हटलं, बाटलीचं झाकण नीट लावत जा. तिनं बाटली आणून समोर ठेवली. सीलसुद्धा फोडलेलं नव्हतं.
शेजाऱ्यांकडून येत असणार.

५ मार्च
काकूचा फोन. "कुठवर आलं रे?" म्हटलं, ऐंशी टक्के. (चाक फिरतं. उलटं फिरतं.) घाई करू नकोस ना, असंही म्हटलं.
म्हणाली, "मला कुठे घाई आहे? डोळ्याला आहे."

११ मार्च
लॅबवाल्याचा आपणहून फोन. उघडून पाहिलंत का? म्हटलं, उघडत नाही म्हणूनच सुरक्षित आहे. कुठे ठेवलंय तेही सांगितलं.
त्यावर म्हणाला, "एक नासका आंबा अख्खी अढी नासवतो, साहेब. तुम्ही तर अढीला कुलूप लावलंय."
बोलतो छान. पण पॅकिंगमधलं कळत नाही.

१८ मार्च, दुपारी
वास बाबांच्या स्वेटरलाही लागला. त्यांच्या खोलीत पाऊल टाकलं की डोळे चुरचुरतात, पाणी येतं. हिला वाटलं मी रडतोय. पाठीवर हात ठेवून उभी राहिली.
ती गेल्यावर टेपचा चौथा पदर लावला.

२५ मार्च
यंत्र तयार! चाक सुलटं फिरतं. काकूला रविवारी बोलावलं. पांढऱ्या चादरीला इस्त्री केली. खुर्चीची जागा खडूनं आखली, अगदी जवळ. शनिवारी रंगीत तालीम.

२७ मार्च, सकाळी ९
डबा उघडला. खोलीबाहेर यावं लागलं.

९.४०
चार नंबर सुटत नाही. वेढ्याला वेढा चिकटून एकच घट्ट वडी झाली आहे. नखानं कड उचलली, तुकडा हातात आला. उजेडात धरला. काही नाही. बाकीची चार वाळल्या पानासारखी वळली आहेत, धरली की मोडतात. बाबांच्या घड्याळावर हिरवा थर.

११
लॅबवाल्याला फोन. "पहिल्या फोनला आणलं असतंत तर..." एवढंच म्हणाला.

२८ मार्च, रविवार
सकाळीच काकूला फोन केला. म्हटलं, चार नंबर उत्तम निघालंय, फक्त यंत्र जरा बिघडलंय, आज येऊ नकोस.
म्हणाली, "येऊन तरी काय करू? परवापासून नुसता उजेड कळतो. तू बघितलंस ना? मग सांग. कसे चालतात?"
सांगितलं. एक हात पाठीमागे, मान खाली, काहीतरी हरवलंय आणि शोधतायत असे. मधेच थांबतात, खिसा चाचपतात, परत निघतात. दारापाशी आले की चपला काढायच्या आधी एकदा खाकरतात. बराच वेळ सांगत होतो. शेवटी डोळे पुसायला थांबलो.
काकू म्हणाली, "अरे, हे तर भाऊजी. तुझे बाबा." मग म्हणाली, "आणि कॅमेरा तर त्यांच्याच हातात होता ना रे?"